खरवडण्याआधी

आत्याच्या घरची तलवार यंदाच्या दसऱ्याआधी चकचकीत करून घ्यायची, असे माझ्या थोरल्या आतेभावाने ठरवले. गाव सातारा जिल्ह्यातले. वाडा निम्मा पडला आहे, देवघर शाबूत आहे. "माणूस बघून ठेवलाय," दादा म्हणाला. "बफ मारून दोन तासांत आरसा करून देतो." आत्या वाती वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आरसा कशाला हवाय रे? ती तलवार आहे."

त्या दिवसापासून आमच्या तिघांत हा वाद चालू आहे. मी आत्याच्या बाजूचा आहे, पण तिची कारणे वेगळी आणि माझी वेगळी. तिला तलवारीला कुणी हातच लावू नये असे वाटते, कारण ती देवाजवळची आहे. मला हात लावायला हवा आहे, आणि तोही लवकर. प्रश्न फक्त हात कुठे थांबवायचा एवढाच आहे, आणि त्याच्या उत्तरावर त्या तलवारीचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून आहे.

तलवार अशी आहे. पाते किंचित वक्र, बहुतेक भाग काळसर तपकिरी. दोन ठिकाणी नारिंगी भुकटी सुटते आणि बोटाला लागते. धारेला पाच दांते पडले आहेत. मूठ लोखंडी, टोकाला बशीसारखी वाटी. तिच्या कडेला एका जागी चांदीचे पाच-सहा ठिपके उरले आहेत. मूठ हलवली की आत काहीतरी खुळखुळते. आणि मुठीवर, वाटीवर, पात्याच्या सुरुवातीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या खंडेनवम्यांचे हळदकुंकू थरावर थर साचून घट्ट झाले आहे. घरात तिच्याविषयी एकही कागद नाही. आमचा पूर्वज ती घेऊन कोणत्या लढाईत होता याच्या कथा आहेत. त्या मी इथे सांगत नाही, कारण त्यांना आधार नाही. ही तलवार सोडून.

दादाचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. शस्त्र गंजलेले ठेवणे हा त्याला अपमान वाटतो, आणि आपल्याकडे तो खरोखरच अपमान होता. पात्याला ओप देणाऱ्यांची एक अख्खी जमात आपल्याकडे होती: शिकलगार. अरबीत घासून उजळणाऱ्याला 'सैकल' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे हे आडनाव आजही घरोघरी ऐकू येते. तेव्हा दादा विचारतो, की शिकलगार जे वर्षानुवर्षे करत आला, तेच आज केले तर पाप कसे? आणि गंज लागलेले पाते पाहून तलवार घडवणारा लोहार खूश झाला असता का?

हा प्रश्न खरा आहे. जुन्या वस्तूंबद्दल हळवे होणारे लोक त्याला सहसा बगल देतात. मला बगल द्यायची नाही.

आधी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरची तलवार अशीच उजळून आली. पाते लखलखत होते. सगळे आनंदात होते, ज्याने काम केले तोही, आणि त्याने मनापासूनच काम केले होते. मी पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ बोट फिरवले. लहानपणी आम्ही दोघे तिथली अक्षरे वाचायचा प्रयत्न करत असू. पहिले 'श्री' होते एवढे नक्की. पुढची पाच-सहा अक्षरे कधी लागली नाहीत; मोठे झाल्यावर कुणा जाणकाराला दाखवू, असे ठरले होते. आता तिथे बोट कुठेही अडखळत नव्हते. पात्याच्या कडा, ज्या घडवणाऱ्याने करकरीत काढल्या होत्या, त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. आणि धारेवर एके ठिकाणी निळसर झाक होती. फिरत्या चाकावर पातळ धार तापते आणि दिलेले पाणी उतरते, त्याची ती खूण. पाते चमकावे म्हणून बफ मारला आणि त्यात तलवारीचे पाणीच गेले. मित्राला मी त्या दिवशी काही बोललो नाही. आजही ती अक्षरे कोणती होती हे कुणाला सांगता येत नाही आणि कधीच येणार नाही.

जुन्या इमारतीची डागडुजी आणि जुन्या पात्याची डागडुजी यांत मूळचाच फरक आहे, तो इथे दिसतो. इमारतीत बहुतेक वेळा काहीतरी घातले जाते: दगड, चुना, तुळई. चुकीचे घातले तर पुढची पिढी ते काढू शकते. पाते उजळताना मात्र काहीही घातले जात नाही, फक्त काढले जाते. गंज म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. ते त्या पात्याचेच लोखंड आहे, रूप बदललेले. घडवणाऱ्याने शेवटचा हात फिरवला तो मूळ पृष्ठभाग कित्येकदा त्या गंजाच्या थरातच अडकलेला असतो. म्हणूनच संग्रहालयातला संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली, लहान पात्याच्या सुरीने, कणाकणाने वरचा सैल थर उचलतो आणि त्या पातळीशी थांबतो. कोफ्तगिरीचे काम असेल तर हे अधिकच खरे. कोफ्तगिरीत लोखंडावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा काढून तो भाग खरबरीत करतात आणि सोन्या-चांदीची तार त्यावर ठोकून बसवतात. धातू त्या ओरखड्यांना धरून राहतो. पॉलिश पेपरचे चार हात, की तारही गेली आणि तार होती हे सांगणारे ओरखडेही गेले. आत्याकडच्या वाटीवर चांदीचे ठिपके सहाच असतील, पण भिंगातून पाहिले तर त्यांच्या भोवतीच्या रेघांवरून सगळी वेलबुट्टी अजून जुळवता येते.

धारेतले दांते घ्या. दोन मिलिमीटर खोल असलेला एक दांता घालवायचा तर त्या एका जागी घासून चालत नाही. सबंध धार, मुठीपासून टोकापर्यंत, दोन मिलिमीटर मागे न्यावी लागते. हे दांते रणातलेच आहेत असा माझा दावा नाही. कुणी तरी कधी तरी तिने जळण फोडले असेल. तेही या घराच्या इतिहासातच येते. पण पाच दांते बुजवण्यासाठी सगळ्या पात्याची रुंदी कमी करणे हा व्यवहार मला कोणत्याही हिशेबात बसताना दिसत नाही.

आता शिकलगाराकडे वळतो. तो पाते घासत होता, आणि प्रत्येक घासणीत थोडे पोलाद जात होते, हे त्यालाही ठाऊक होते. पण ती तलवार कामात होती. धार उतरली की माणसाचा जीव जाणार. त्यासाठी केसभर लोखंड गेले तर त्याचा मोबदला लगेच मिळत होता. पाते झिजले तर दुसरे मिळत होते, मूठ तीच ठेवून. आज ती तलवार कुणाला कापणार नाही. तिचे काम बदलले आहे: आता तिच्याकडे साक्ष आहे, आणि साक्षीदाराचे तोंड धुताना त्याची जीभ कापणे कुणाला परवडेल? शिकलगाराची रीत पुढे चालवायची असेल, तर त्याच्या हातातला दगड उचलण्याआधी त्याची नजर उचलावी लागेल. वस्तूला आज काय लागते, हे तो आधी बघत असे.

'मूळ रूपात आणू' हे शब्द फार ऐकू येतात, आणि आपल्याकडच्या तलवारींच्या बाबतीत ते फारच पोकळ आहेत. मराठ्यांची फिरंग आठवा. पाते युरोपातले, पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आलेले. मूठ इथल्या लोहाराची. आणि दोहोंना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या. पाते एका शतकाचे आणि मूठ पुढच्या शतकाची, हे अगदी नेहमीचे. नातवाने आजोबाच्या पात्याला आपल्या हाताच्या मापाची मूठ बसवून घेतली असेल. अशा तलवारीचे मूळ रूप कोणते? जर्मनीतल्या झोलिंगेनच्या भट्टीतून निघाली ते, की दख्खनमध्ये तिला मूठ मिळाली ते? फ्रान्समध्ये 19व्या शतकात व्हिओले-ल-द्यूक याने पुनर्रचनेची जी व्याख्या केली, तीत त्याने स्वतःच मान्य केले होते, की इमारतीला ज्या परिपूर्ण अवस्थेत आणायचे ती अवस्था कदाचित कोणत्याही काळी प्रत्यक्षात नसेलही. तो प्रामाणिक होता. बाजारात जुन्या मुठीवर नवी कोफ्तगिरी चढवून, साध्या पात्यावर आम्लाने खोटी नक्षी उठवून जे विकतात, त्यांच्याकडे तेवढा प्रामाणिकपणाही नसतो.

त्याच शतकात, 1877 साली, इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. चर्चच्या भिंतींवरचे जुने गिलावे खरवडून त्यांना 'मूळचे' करण्याची लाट आली होती, तिच्याविरुद्ध. त्या संस्थेला टोपणनावच 'खरवडविरोधी' असे पडले. तलवारीच्या संदर्भात मला या नावाइतके नेमके दुसरे काही सापडलेले नाही. पुढे 1964 च्या व्हेनिस सनदेत एक रेघ आखली गेली: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते दगडाच्या देवळांचं." बरोबर आहे. म्हणून त्याला मी तलवारीचेच उदाहरण दिले, आणि तेही अशा देशातले जिथे पाते उजळणे ही अजून जिवंत विद्या आहे.

जपानमध्ये तलवार आरशासारखी लखलखीतच ठेवतात. तोगिशी, म्हणजे पाते घासणारा कारागीर, अनेक प्रकारचे दगड क्रमाने वापरतो, आणि शेवटी नखाएवढ्या पातळ दगडाच्या कपच्या अंगठ्याखाली धरून काम करतो. धारेलगतची ती धुक्यासारखी पांढरी रेषा, कठीण पोलाद आणि मऊ पोलाद यांची सीमा, अशा घासणीशिवाय दिसतच नाही. म्हणजे दादाचीच बाजू. पण त्याच तलवारीचा मुठीत लपणारा भाग, पात्याचे मूळ, ते कुणीही साफ करत नाही. त्यावरचा गंज शतकानुशतके तसाच राहतो. घडवणाऱ्याची सही तिथे असते, कानशीचे ओरखडे तिथे असतात, आणि गंजाचा रंग व पोत पाहून जाणकार पात्याचे वय जोखतो. अजाणतेपणी कुणी ते मूळ घासून चकचकीत केले तर तलवारीचे मोल एका दुपारी कोसळते. एकाच वस्तूवर एक वीत अंतरावर दोन उलटे नियम, आणि दोन्ही कडक. जिथे तलवार दिसायची तिथे उजेड, जिथे बोलायची तिथे गंज.

आणि उजळण्यालाही तिथे शेवट आहे. जपानी पात्याला बाहेरून कठीण पोलादाचे कवच आणि आत मऊ गाभा असतो. फार वेळा घासले की कवच विरते आणि गाभा डागांसारखा वर दिसू लागतो. अशा पात्याला ते थकलेले म्हणतात, आणि त्या थकव्यावर इलाज नाही. 'इचिगो हितोफुरी' नावाची एक प्रसिद्ध तलवार 1615 साली ओसाका किल्ल्याच्या आगीत भाजली, तिचे पाणी उतरले. यासुत्सुगू या लोहाराने तिला पुन्हा पाणी दिले. ती आज जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. पण ती पुन्हा पाणी दिलेली तलवार आहे, हे कुणी लपवत नाही. दुरुस्ती उघड सांगितली तर ती तलवारीच्या इतिहासात जमा होते. न सांगता केलेली दुरुस्ती हा दगा.

आपल्याकडची ताजी गोष्ट घ्या. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, सुमारे 47 लाख रुपयांना. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती फिरंगच आहे, युरोपीय पात्याची. अशा पात्यांच्या तलवारी जगभरच्या संग्रहांत कितीतरी आहेत. ही रघुजींची, हे कळले कशावरून? पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्यात एक छोटीशी देवनागरी ओळ आहे, तिच्यात त्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा ही पदवी आहे. एवढाच तिचा जबाब. मधल्या काळात कुठल्या तरी मालकाने ती 'आरशासारखी' करून घेतली असती, तर ती पाठ पहिल्या पाच मिनिटांत कोरी झाली असती. मुठीला हिरवे विणलेले कापड गुंडाळलेले आहे. 'मळकट झालंय, नवीन मखमल लावू' असे म्हणायला एखादा हौशी माणूस पुरला असता. तो भेटला नाही हे आपले नशीब.

दुसऱ्या टोकाची गोष्टही आपल्याच माणसांची आहे. तंजावरच्या मराठा राजांचे शस्त्रागार इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावर मोडले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि बाकीचा मोठा ढीग तोडून मोडीच्या भावाने विकला. त्यात काय काय होते हे विचारायला आता कुणाकडे जायचे? म्हणून मी आत्यालाही सांगतो, की हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. ती नारिंगी भुकटी जिवंत गंज आहे. घामाच्या हातातले मीठ आत मुरते, हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेला की ते जागे होते, आणि पात्यात खड्डे पाडत आत जाते. आपल्या पावसाळ्यात चार महिने हेच चालते. चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवले तर आणखी वाईट, कारण चामडे ओल धरून ठेवते. काळसर तपकिरी थर मात्र वेगळा: तो बहुतांशी स्थिर झालेला, पात्याला चिकटून बसलेला, आणि एका अर्थी खालच्या लोखंडावर पांघरूण घातलेला. एक काढायचा, दुसरा ठेवायचा. दोघांनाही आपण एकच 'गंज' शब्द वापरतो आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

एक गोष्ट मात्र मला छळते, आणि त्या बाबतीत माझा पवित्रा दादाच्या जवळ जातो. ते पाते मुशीतल्या पोलादाचे असेल तर? दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, बंद मुशीत लोखंड आणि कार्बन एकत्र वितळवून जे पोलाद तयार होई, ते घ्यायला इराणहून व्यापारी येत. युरोपात त्याला वूट्झ म्हणत. मायकेल फॅराडेने, जो स्वतः लोहाराचा मुलगा, त्याचे गूढ उकलण्यासाठी प्रयोग केले. त्या पोलादात कार्बाइडचे कण थरांत बसतात आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. 19व्या शतकाच्या अखेरीस ही विद्या इथे जवळजवळ संपली. ती नक्षी लपलेली असते: पाते घासून, हिराकशीच्या द्रावणाने धुऊन काढली तरच उमटते. घडवणाऱ्याला ती दिसावी अशीच इच्छा होती. तर मग तिला गंजाखाली पुरून ठेवणे हा कोणता आदर?

यावर मी बराच विचार केला आहे. आज न्यूट्रॉनांच्या शलाकेने पात्याला स्पर्श न करता आतली घडण पाहता येते, आणि भारतीय तलवारींवर तसा अभ्यास झालाही आहे. पण आत्याच्या देवघरातली तलवार अशा यंत्रापर्यंत कधी जाईल असे मला वाटत नाही. म्हणून मी एक तडजोड सुचवली: धारेपासून आणि पाठीपासून दूर, पात्याच्या मध्यावर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा एखाद्या प्रशिक्षित संवर्धकाकडून उघडायची. जौहर असेल तर ते तिथे दिसेल, नसेल तर तेही कळेल. ही जखमच आहे, आणि तेवढे पोलाद कायमचे जाईल. तरी मी ती घेईन. घरात आपण काय सांभाळतो आहोत हे घरच्यांना कळलेच नाही, तर पुढच्या पिढीत कुणीतरी पुन्हा बफवाल्याला फोन लावेल.

खुळखुळणाऱ्या मुठीचे उत्तर त्यामानाने सोपे. भारतीय तलवारीचे मूळ पोकळ मुठीत लाखेने बसवलेले असते. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते, आणि पोलादाचे पाणी उतरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे सावकाश ऊब देऊन मूठ सोडवता येते आणि पुन्हा लाखेनेच बसवता येते. जुन्या कारागिरांनी जोड असा केला होता की पुढच्याला तो उघडता यावा. आजकाल लोक तिथे इपॉक्सी भरतात, आणि ती मूठ मग कायमची बंद होते. जुन्या लाखेचा चुरा मात्र बाटलीत भरून, तारीख घालून ठेवायचा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी फोटो काढायचे. काय काढले आणि कुठे थांबलो ते दोन ओळींत लिहून तलवारीबरोबर ठेवायचे.

राहिले हळदकुंकू. ते ओल धरून ठेवते, हे खरे. संवर्धनाचे पुस्तक ते पुसायलाच सांगेल. पण ते थर आजीचे आहेत, पणजीचे आहेत. या घरात या तलवारीशी दरवर्षी कुणी बोलत असेल तर त्या बायका बोलत होत्या, आणि त्यांची सही एवढीच आहे. ते पुसू द्यायला मी तयार नाही. पात्यावरचे, जिथे खाली नारिंगी गंज धरला आहे, तेवढे काढावे लागेल. मुठीवरचे राहू द्यावे आणि बाकी सगळ्यावर मेणाचा पातळ हात द्यावा.

मागच्या आठवड्यात दादाने तलवार स्वतः खाली उतरवली. हातात सुती मोजे होते, मी दिलेले. खिडकीशी नेऊन वाटीवरचे ते चांदीचे ठिपके तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग त्याने भिंग आत्याकडे दिले. तिने पाहिले, आणि विचारले, "मग यंदा कुंकू कुठं लावायचं?" तलवारीशेजारी ताम्हनात विड्याचे पान ठेवू, त्यावर लावायचे, असे मी म्हणालो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून परसात गेली आणि नागवेलीची पाने किती मोठी झाली आहेत ते बघून आली.